खरपुडीचा कंदील

श्रावणातल्या भिशीची गोष्ट. यावेळी भिशी आमच्या समोरच्या वहिनींकडे होती. साबुदाण्याची खिचडी झाली, चिठ्ठी निघाली, आणि मग वहिनींनी मोबाइल पुढे केला. "हे बघा, ओळखा पाहू काय ते!"

आम्ही सगळ्याजणी वाकून बघू लागलो. हिरव्या बारीक वेलीवर एक फूल. फूल कसलं, छोटासा कंदीलच! खाली गोल फुगीर, मधे निमुळती नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. एक जण म्हणाली, प्लॅस्टिकचं असेल. दुसरी म्हणाली, परदेशातलं. वहिनी हसल्या. "छे हो, आपल्या घाटातलं! दुर्मीळ आहे म्हणे. एक माणूस कंद काढून आणून देतो. आठशे रुपयांना एक. मी सांगून ठेवलंय. तुम्हालाही हवा असेल तर बोला, कुरिअरचा खर्च वाटून घेऊ."

तिघीचौघी लगेच तयार झाल्या. माझ्याकडे मात्र वहिनींनी पाहिलं तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघेना. एरवी गॅलरीतल्या बागेचा विषय निघाला की मला गप्प बसवावं लागतं, हे या सदराच्या मैत्रिणींना ठाऊक आहेच. पण त्या दिवशी मी खिचडीची बशी हातात घेऊन नुसतीच बसून राहिले. कारण ते फूल मी ओळखलं होतं. त्याचा एक कंद माझ्या नावावर जमा आहे.

आज तीच हकीकत सांगते. माझं चुकलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सांगण्याचा मला हक्क नाही.

माझं माहेर वाईकडचं. गावामागे डोंगर, वर कारवीची झुडपं. नऊ वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. गौरींचं विसर्जन झाल्यावर काकू म्हणाली, "चल पोरी, पाय मोकळं करून येऊ." आम्ही वर चढलो. पाऊस थांबलेला, ऊन कोवळं. कारवीच्या काटकीला विळखे घालत वर गेलेली एक नाजूक वेल दिसली. दोऱ्याइतकी बारीक. समोरासमोर दोन दोन पानं आणि पानांच्या बेचक्यातून आलेली तीन फुलं. पांढुरकी नळी, तिच्यावर जांभळट ठिपके, वर गडद टोक. जवळ गेल्याशिवाय दिसणारही नाही असं ते फूल. पण एकदा दिसलं की नजर हलत नाही.

"खरपुडी हाय ती," काकू म्हणाली. "ल्हानपनी आमी हिचं कंद खायचो, गुरं राखताना."

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. ती "कंदील, कंदील" करत नाचायला लागली. मला काय बुद्धी सुचली कोण जाणे, मी काकूच्या हातातलं खुरपं घेतलं.

"आगं, ऱ्हाऊ दे की तिथंच," काकू म्हणाली. मी म्हटलं, "एकच नेते गं. घरी नीट लावीन. इथं कुणी बघणार आहे का तिला?"

माती मऊ होती. वीतभर खाली लहान बटाट्याएवढा, जरा चपटा कंद लागला. ओल्या रुमालात गुंडाळून तो मी जपून घरी आणला. सगळ्यात चांगली कुंडी काढली. गांडूळखत घातलं, शेणखत घातलं. रोज सकाळी न चुकता पाणी. गुलाबाचे लाड करतात तसे तिचे लाड केले. चार दिवसांत पानं पिवळी पडली. आठव्या दिवशी वेल माना टाकून पडली. पंधरा दिवसांनी कंद उकरून पाहिला तर बोटं आत गेली. कुजून पाणी झालेलं, वर घाण वास.

हे म्हणाले, "जाऊ दे, एक रोप गेलं." मीही तसंच म्हटलं आणि त्या कुंडीत कोथिंबीर पेरली.

पुढच्या वर्षी गौरींना परत गेले, तेव्हा मुलीनेच हट्ट धरला. कंदील दाखव म्हणून. आम्ही त्याच जागी गेलो. तीच कारवी, तोच दगड. वेल नाही. आजूबाजूला शोधलं, खाली उतरून शोधलं, वर जाऊन शोधलं. कुठेच नाही. काकू तशी बोलायला फटकळ, पण त्या दिवशी एवढंच म्हणाली, "येकच हुती गं ती हितं."

मैत्रिणींनो, भिशीत माझ्या घशात घास अडकला तो ह्या वाक्यामुळे.

त्यानंतर कधीतरी वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. मोठ्या वन्सं कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी आपली मराठी घेऊन बी. ए. झालेली, शाळेत अर्धा दिवस शिकवणारी. मला झाडं लावता येतात, पण झाडाच्या पोटात काय चालतं ते कळत नाही. वन्संना मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, तू काय उपटून आणलंस ते तरी तुला माहीत आहे का?" आणि रात्री जेवणं झाल्यावर, ओट्याशी भांडी पुसता पुसता त्यांनी जे सांगितलं ते मी दुसऱ्या दिवशी वहीत उतरवून ठेवलं. त्या वहीतलंच आता सांगते.

खरपुडीला शास्त्रात सेरोपेजिया म्हणतात. आपण शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, तिची ही भावकी. पूर्वी रुईचं कुळ वेगळं धरत, आता ते कण्हेरीच्या मोठ्या कुळात सामावून घेतलंय. रुईचं फळ फुटलं की रेशमी केसांची 'म्हातारी' हवेत उडते, लहानपणी आपण सगळ्याच तिच्यामागे धावलोय. खरपुडीचं बी अगदी तसंच. चवळीच्या शेंगेसारख्या बारीक, जोडीने येणाऱ्या शेंगा वाळून उकलतात आणि एकेक बी आपापली म्हातारी घेऊन वाऱ्यावर निघून जातं. कुठे पडेल, रुजेल की नाही, सगळं नशिबावर.

ह्या वेलीचं आयुष्य चार महिन्यांचं. म्हणजे वरून दिसणारं. मृगाचा पाऊस झाला की कंदातून कोंब निघतो, आधार सापडेल त्याला वेढे घालत वर जातो, श्रावण-भाद्रपदात फुलं येतात, दिवाळीच्या पुढेमागे शेंगा तयार होतात आणि वेल वाळून नाहीशी होते. मग थंडी, उन्हाळा, सगळं काही तो कंद जमिनीखाली झोपून काढतो. वन्सं म्हणाल्या, "तुमची पावसाळ्यापूर्वीची बेगमी असते ना, तसा तो कंद म्हणजे तिचं कोठार. आठ महिन्यांचं पीठमीठ आणि पाणी त्यात भरलेलं असतं. तू त्या कोठारावर रोज पाणी ओतलंस."

खरी गंमत मात्र फुलात आहे. ते कंदिलासारखं दिसतं, पण काम करतं उंदराच्या पिंजऱ्याचं. फरक एवढाच की आत गेलेला पाहुणा जिवंत परत येतो.

वरच्या पिंजऱ्याला पाच खिडक्या असतात. फुलाच्या वासाने बारीक चिलटांसारख्या माश्या तिथे येतात. आतली भिंत गुळगुळीत, आणि नळीत खाली झुकलेले केस. माशी घसरते ती थेट तळाच्या फुगीर खोलीत. वर चढायला जावं तर केसांची टोकं आडवी येतात. कित्येक जातींत तळाच्या खोलीची भिंत जागोजागी इतकी पातळ असते की बाहेरचा उजेड आत येतो. माशी उजेडाकडे जायला बघते, म्हणजे वर न जाता खालीच घुटमळते. ह्या धडपडीत परागांच्या दोन इवल्याशा पिशव्या चिमट्याने अडकवाव्यात तशा तिच्या तोंडाला अडकतात. रुईच्या फुलातही पराग असेच पिशवीत भरलेले असतात, सुटे नसतात.

साधारण एक दिवस-रात्र असा पाहुणचार झाला की फूल मलूल व्हायला लागतं. आतले केस सुकून गळून जातात, उभी नळी आडवी होते, आणि माशीला वाट मोकळी. ती बाहेर पडते आणि पुन्हा दुसऱ्या कंदिलाच्या वासाला भुलते. तिथे पहिल्या फुलाची पिशवी नेमक्या फटीत बसली, तरच फळ धरतं. म्हणून ह्या वेलीला फुलं बरीच आली तरी शेंगा थोड्याच लागतात.

मी विचारलं, "पण वन्सं, माश्या फसतात तरी कशा? मध तर इतर फुलांतही असतो."

त्यावर त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका बहिणीची हकीकत सांगितली. सेरोपेजिया सँडरसोनी तिचं नाव. फुलाच्या डोक्यावर छत्री उघडल्यासारखा आकार. काही बारीक माश्या अशा असतात की कोळ्याने मधमाशी पकडली की त्या तिथे धावतात आणि जखमी मधमाशीच्या अंगातून झिरपणारा रस पितात. ह्या फुलाने नेमका तो वास उचललाय. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं की फुलाच्या वासातले कितीतरी घटक आणि संकटात सापडलेल्या मधमाशीच्या अंगाचे घटक एकच आहेत. माशी जेवणाच्या आशेने येते, जेवण नाहीच, वर एका रात्रीची कैद! मला त्या माशीची दया आली. वन्सं म्हणाल्या, "अगं, पण फूल तिला मारत नाही. काम झालं की सोडून देतं."

नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. सेरोपेजिया हा शब्द ग्रीक. अर्थ मेणाचं कारंजं. हे नाव लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली दिलं. आणि ज्या जातीवरून दिलं ती आपल्याच देशातली. तिचं चित्र छापलं होतं 'हॉर्टस मलबारिकस' ह्या बारा खंडांच्या ग्रंथात. मलबारचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने तो तयार करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. झाडांची माहिती मात्र इथल्याच माणसांची. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य, आणि त्याच्या जोडीला रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण. त्या तिघांचं कोंकणीतलं निवेदन पहिल्या खंडात नागरी अक्षरांतच छापलेलं आहे. मला ह्याचं फार अप्रूप वाटलं. सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी परदेशी छापलेल्या पुस्तकात आपली अक्षरं! त्या वेलीच्या जातीला लिनियसने जोडनाव दिलं कॅन्डेलाब्रम, म्हणजे अनेक दिव्यांचं दीपदान. देवळापुढच्या दीपमाळेवर पणत्या लावाव्यात तशी तिची फुलं एका देठावर मांडलेली असतात. म्हणजे आमच्या लेकीने पाचव्या वर्षी जो दिवा ओळखला, तोच लिनियसनेही ओळखला होता.

भारतात ह्या वेलीच्या पन्नासाहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी फक्त सह्याद्रीत आणि आसपास सापडतात, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. सगळ्याच काही वेली नव्हेत. काही जाती हातभर उंचीची उभी रोपटी असतात. पुण्याचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक महाबळे यांच्या नावाची एक खरपुडी आहे. पाचगणीच्या नावाची एक आहे. महाराष्ट्राच्या नावाची एक २००६ साली नोंदवली गेली, आणि त्याच वर्षी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून आणखी एक नवी जात जगापुढे आली. अंजनेरी म्हणजे हनुमंताचं जन्मस्थान मानलेला डोंगर. रुईच्या नात्यातलं रोपटं नेमकं मारुतीरायाच्या डोंगरावर सापडावं, हा योगायोग मला फार आवडला.

आता वाटेल, एवढ्या जाती आहेत, मग दुर्मीळ कशी? त्याचं उत्तर असं, की एकेका जातीची जागा फार लहान असते. एखादा घाट, एखादं पठार, एखाद्या डोंगराचा एक उतार. तिथेही वेली मोजक्या. त्यात कंद गोड, पिठूळ. साळिंदर खातं, रानडुक्कर खातं, गुराखी पोरं खातात. वणवा लागतो, गुरं कोंब खातात, रस्ता रुंद होतो, खाण निघते, पठारावर बंगले उभे राहतात. हे सगळं सोसून जी उरते तिच्या मागे आता हौशी माणसं लागलीत, कुदळ घेऊन. बीपासून आलेल्या रोपाचा कंद पहिल्या पावसात इवलासाच असतो. बटाट्याएवढा व्हायला त्याला किती पावसाळे बघावे लागले असतील! मी तो पाच मिनिटांत काढला होता.

वन्संनी एक आशेची गोष्टही सांगितली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खरपुडीच्या जातींचा ध्यास घेतला. डोंगर पालथे घालून त्या शोधल्या, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जोपासल्या, रोपं वाढवली आणि पुन्हा रानात नेऊन लावली. "म्हणजे कुंडीत जगते तर!" मी म्हटलं. "जगते ना," वन्सं म्हणाल्या, "पण तिथे बीपासून रोपं करतात, कुठली कुठून आणली याची नोंद ठेवतात, आणि परत द्यायची म्हणून वाढवतात. तुझ्या हौसेत आणि त्यात फरक आहे."

तर आता पुन्हा भिशीकडे वळते.

त्या दिवशी सगळ्याजणी गेल्यावर मी मागे थांबले आणि वहिनींना माझी कंदाची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. पण वहिनी काही ऐकून गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते पटतं हो. पण मी नाही घेतला तर दुसरी कुणीतरी घेणारच ना? आणि तो माणूसही पोटासाठीच करतो. त्याला आठशे रुपये मिळाले तर तुमच्या आमच्या पोटात का दुखावं?"

खरं सांगते, माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. डोंगरावरच्या माणसाला वर्षभर कोण विचारतं? मी एवढंच म्हटलं, "वहिनी, पोटासाठी गुराख्याने खाल्ला असता तर मी काही बोलले नसते. माझ्या काकूनेही खाल्लेत. पण आपण नऊ-दहा जणी भिशीला जमतो. प्रत्येकीने एकेक मागवला तर एखादा डोंगर रिकामा होतो. आणि पुढच्या वर्षी तो माणूस तरी विकणार काय?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. बाकीच्या तिघींनी नंतर 'नको' कळवलं, पण वहिनींनी पैसे आधीच दिले होते. आठवड्याने खोकं आलं. त्या संध्याकाळी बेल वाजली आणि दारात वहिनी, हातात वर्तमानपत्राची पुडी. "घ्या. मला काही लावायचं धैर्य होईना. आता तुम्हीच सांगा, हिचं काय करायचं?"

पुडीत कंद होता. वेल मुळाशी तुटलेली. एका बाजूला कुदळीचा घाव.

मी ताबडतोब वन्संना फोन लावला. मला वाटलं होतं, परत नेऊन लावता येईल. त्यांनी विचारलं, "कुठल्या डोंगरावरचा?" वहिनींनी त्या माणसाला विचारलं, तो जागा सांगेना. फूल नाही, तेव्हा जात कुठली तेही कळेना. "मग परत कुठे लावणार?" वन्सं म्हणाल्या. "एका डोंगरावरची दुसऱ्या डोंगरावर नेऊन टाकायची नसते, वहिनी."

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. घाव उघड्यावर, सावलीत दोन दिवस सुकू दिला. मातीची लहान कुंडी घेतली, तळाशी विटांचे तुकडे, वर निम्मी जाड वाळू आणि निम्मी लाल माती. खत अजिबात नाही. कंद जेमतेम झाकेल असा ठेवला. पावसाची झड लागणार नाही पण उजेड येईल अशा जागी कुंडी ठेवली आणि माती पूर्ण कोरडी झाल्यावरच शिंतोडा मारल्यासारखं पाणी दिलं. वहिनी रोज सकाळी दूध घ्यायला निघाल्या की आमच्या गॅलरीत डोकावून जायच्या. "काही आलं का?" गणपतीच्या आदल्या दिवशी एक हिरवा ठिपका दिसला. दोघी मिळून तो बघत कितीतरी वेळ उभ्या होतो. शेवटी माझी पुरणाची डाळ खाली लागली!

गौरींना वन्सं आल्या आणि जाताना कुंडी घेऊन गेल्या. त्यांच्या कॉलेजच्या बागेत ती आहे. काल त्यांचा फोन आला होता. वेल हातभर वाढली, फूल मात्र आलं नाही, आणि आता ती वाळून गेली. घाबरायचं कारण नाही, हा तिचा झोपायचा वेळच आहे. कंद दाबून पाहिला, घट्ट लागला. बाकी मृगात कळेल. कोंब आला आणि फूल आलं तर ती कुठल्या जातीची हे तरी समजेल.

वहिनींना मी फोनवरचं सगळं सांगितलं. त्या आकाशकंदिलाला कागद चिकटवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "जूनपर्यंत वाट बघायची म्हणजे फार झालं हो." आणि मग जरा थांबून, "त्या दुसऱ्या वेलीला कळ्या आल्यात. येताय का बघायला?"

ही दुसरी वेल कुठली, ते सांगते. कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मनात आलंच असेल, की मग कंदिलाची हौस भागवायची कशी? त्याला अगदी सरळ उपाय आहे.

गॅलरीत लावायची कंदीलवेल

खरपुडीची दक्षिण आफ्रिकेतली एक बहीण आहे, सेरोपेजिया वुडी. डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉन मेडली वुड यांच्यावरून तिला हे नाव पडलं. नर्सरीत 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' म्हणून मागा. बदामाच्या आकाराची जाडसर छोटी पानं, वर रुपेरी नक्षी, खालून जांभळट, आणि बारीक दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या फांद्या. फुलं इंचभर, फिकट गुलाबी नळीची आणि काळपट जांभळ्या डोक्याची. तोच कंदील, लहान प्रमाणात. ती नर्सरीत फांद्यांपासूनच वाढवतात, त्यामुळे कुठल्या डोंगराला भोक पडत नाही.

कुंडी: टांगती आणि उथळ. तळाला भोकं हवीतच. मोठी कुंडी घेऊ नका, माती ओली राहते.

माती: एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत. तळाशी विटांचे किंवा फुटक्या कौलांचे तुकडे.

ऊन: सकाळचं कोवळं चालतं, दुपारचं कडक नको. अंधाऱ्या खोलीत ठेवली तर पानांमधलं अंतर वाढतं आणि वेल विरळ दिसते.

पाणी: बोट खुपसून बघा, दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच द्या. पावसाळ्यात आडोशाला घ्या. माझ्या कंदाचं काय झालं ते विसरू नका.

रोपं करणं: फांदीवर जागोजागी मण्यांसारख्या गाठी येतात. ती गाठ फांदीसकट दुसऱ्या कुंडीतल्या मातीवर टेकवून केसांच्या पिनेने दाबून ठेवा. मुळं धरली की फांदी कापा. हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला अशी रोपं फार छान.

रानातली खरपुडी बघायला जाल तेव्हा

श्रावण-भाद्रपदात जा. गावातला जाणता माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. दाखवून पैसे मिळतात हे कळलं तर तो खणणार नाही. फूल तोडू नका, एक फूल गेलं म्हणजे कदाचित त्या वर्षीची एकुलती एक शेंग गेली. जवळ जायचं तर पायाखाली बघून जा, शेजारी नुकतं रुजलेलं रोप असू शकतं. फोटो जरूर काढा, पण नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नका. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तिथे माणसांची केवढी रीघ लागली ते आपण बघतोच. आणि कुणी कंद विकायला आणला तर नको म्हणा. भांडायची गरज नाही, फक्त नको म्हणा.

यंदाही गौरींनंतर मी आणि मुलगी काकूबरोबर वर गेलो होतो. मुलगी आता चौदा वर्षांची. ती जुनी जागा आम्ही दरवर्षी बघतो, तिथे अजून काही नाही. पण तिथून बरंच वर, कड्याच्या कडेला, मुलीला एक वेल दिसली. दोन फुलं होती. एका फुलाची नळी आडवी झालेली. आम्ही तिघी ओणव्या होऊन बघत होतो, तेवढ्यात त्या पिंजऱ्याच्या खिडकीतून एक चिलट बाहेर आलं, जरा वेळ काठावर बसलं आणि उडून गेलं.

मुलगी म्हणाली, "आई, खुरपं आणलंयस?"

मी दचकून तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत होती. काकूने खुरपं मुद्दामच घरी ठेवलं होतं.